एट-डी बंद, तक्रार चालू: तोच दोष परत येतो तेव्हा कोणतं साधन आधी उचलायचं

बोअर (भागात कापलेलं गोल भोक) लहान आहे, बेअरिंग बसत नाही. ग्राहकाचा मेल येतो, मागोमाग फोटो येतो, दोन माणसं सॉर्टिंगला (चांगले-वाईट नग वेगळे करायला) ग्राहकाच्या प्लांटवर जातात आणि मुदतीत एट-डी (तक्रार सोडवण्याचा आठ पायऱ्यांचा अहवाल) बंद होतो. अडीच महिन्यांनी तोच मेल पुन्हा. जुनी फाइल काढली तर आत सगळं जागच्या जागी: फिशबोन (संभाव्य कारणांचा माशाच्या काट्यासारखा आराखडा), पाच वेळा ‘का’, आणि पाचव्या ‘का’समोर ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’. उपाय म्हणून प्रशिक्षण दिलेलं, रजिस्टरवर सही घेतलेली.

या फाइलमध्ये साधनं कमी नसतात, त्यांचा क्रम उलटा असतो. फिशबोन आणि ‘पाच का’ ही मतं गोळा करायची साधनं आहेत. दोष कुठे, कधी आणि कोणत्या जॉबवर (कापलेल्या नगावर) येतो हे मोजण्याआधीच ती उघडली, तर ज्याचा आवाज मोठा त्याचं कारण जिंकतं. खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे: ॲल्युमिनियमची बॉडी, त्यात बेअरिंगसाठी २५ मिमी एच-७ बोअर, म्हणजे २५.००० ते २५.०२१. हातात एकूण २१ मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे १ मिमी), हाच टॉलरन्स. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण अशी बॉडी भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, शिरोली, कुठेही कुठल्यातरी मशीनवर लागलेलीच असते.

आधी गेज

तक्रार परत आली की मशीनकडे जाऊ नका, गेजकडे, म्हणजे मोजायच्या साधनाकडे जा. कॅलिब्रेशनचं स्टिकर हिरवं आहे म्हणून गेज बरोबर, हा समज फाइलमधली निम्मी पानं वाया घालवतो. कॅलिब्रेशन गेजचं होतं. तुमच्या जॉबवर, तुमच्या माणसांच्या हातात, तुमच्या शेडमध्ये होणाऱ्या मोजमापाचं होत नाही.

गेज आर अँड आर म्हणजे त्याच नगाचं माप फेरीगणिक आणि माणसागणिक किती हलतं याची परीक्षा. ती करताना १० जॉब घ्या, ३ माणसं, प्रत्येकी ३ वेळा, एकूण ९० रीडिंग. जॉबवर नंबर अशा जागी टाका की मोजणाऱ्याला दिसणार नाही, आणि क्रम प्रत्येक फेरीत बदला. माणसं तीच घ्या जी रोज मोजतात. क्यूसीमधला सगळ्यात हलक्या हाताचा इन्स्पेक्टर बसवला तर अहवाल सुंदर येतो आणि रात्रपाळीचं सत्य बाहेरच राहतं. १० जॉब एकाच ट्रेमधून सलग उचलू नका. ते सगळे जवळजवळ सारखे असतात, त्यामुळे एकूण फरकाच्या तुलनेत गेजचा फरक अवाढव्य दिसतो आणि एनडीसी (गेज जॉबचे किती वेगळे गट ओळखू शकतो तो आकडा) १ किंवा २ वर येतो. मग कुणीतरी चलाखी करून स्क्रॅपच्या पेटीतले दोन जॉब मिसळतं आणि टक्केवारी झटक्यात सुधारते. दोन्ही उत्तरं निरुपयोगी. दोन-तीन दिवसांच्या उत्पादनातून, वेगवेगळ्या पाळ्यांमधून जॉब गोळा करा.

टक्केवारी कशाशी काढायची, हेही आधी ठरवा. गेज पास-फेल ठरवायला असेल तर टॉलरन्सशी, कंट्रोल चार्टसाठी (प्रोसेस वेळेबरोबर सरकते का ते दाखवणाऱ्या आलेखासाठी) असेल तर प्रोसेसच्या फरकाशी. समजा आर अँड आरचा सिग्मा, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन (मापं सरासरीभोवती किती पसरली ते), १.२ मायक्रॉन आला. सहा सिग्मा म्हणजे ७.२ मायक्रॉन, २१ ला भागले की ३४ टक्के. एआयएजी या वाहनउद्योगाच्या संस्थेच्या प्रचलित मोजपट्टीप्रमाणे १० टक्क्यांच्या आत उत्तम, १० ते ३० वापरानुसार चालवून घ्यायचं, ३० च्या वर नाही. एनडीसी किमान ५ हवा. ३४ टक्क्यांच्या गेजवर काढलेला सीपीके (टॉलरन्सच्या तुलनेत प्रोसेसची क्षमता), डीओई (अनेक घटक एकत्र बदलून केलेला प्रयोग), सगळंच पाण्यात.

आर अँड आर पास झाला तरी गेज सुटला असं नाही, कारण तो पुनरावृत्ती पाहतो, चूक पाहत नाही. तिघांनी नऊ वेळा सारखंच चुकीचं मोजलं तर आर अँड आर अप्रतिम येईल. बोअरच्या बाबतीत ही चूक बहुतेक वेळा तापमानाची असते. ड्रॉइंगवरचं माप २० अंश सेल्सिअसचं असतं. ॲल्युमिनियम मीटरला दर अंशामागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं, स्टील साधारण ११.५. एप्रिल-मेमध्ये शेडमध्ये ३८ अंश असताना २५ मिमीचं ॲल्युमिनियमचं बोअर १०.४ मायक्रॉन वाढलेलं असतं, आणि ज्या स्टीलच्या मास्टर रिंगवर (ठरलेल्या मापाच्या नमुना रिंगवर) एअर गेज शून्य केला ती ५.२ वाढलेली असते. उरलेला ५ मायक्रॉनचा फरक काट्यावर ‘बोअर मोठं’ म्हणून दिसतो. त्यात जॉब नुकताच मशीनमधून काढलेला, रिंगपेक्षा ८ अंश गरम असेल तर आणखी ४.६. मिळून जवळजवळ १० मायक्रॉन, म्हणजे टॉलरन्सचा अर्धा भाग. ऑपरेटरला २५.००८ दिसतं, ग्राहकाच्या वातानुकूलित लॅबमध्ये तेच बोअर २४.९९८ भरतं. ऑपरेटरचं दुर्लक्ष म्हणतात ते हे.

पडताळायला खर्च नाही. पाच जॉब, त्यांचे नंबर, आपली रीडिंग. रात्रभर मास्टर रिंगशेजारी, वातानुकूलित खोलीत ठेवा आणि सकाळी त्याच गेजने पुन्हा मोजा. फरक सगळ्या जॉबवर एकाच दिशेने आणि सारखाच आला तर कारण सापडलं. उपाय म्हणून मास्टर रिंग त्याच मिश्रधातूची करून घ्या, आणि मोजण्याआधी जॉब रिंगच्या तापमानाला आणा. तापमान बघायला लाल ठिपक्याची पिस्तूल वापरू नका. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती वाट्टेल ते दाखवते. टेकवायचा प्रोब घ्या.

तपासणी गो-नो-गो प्लगवर (आकडा न देता फक्त पास-फेल सांगणाऱ्या गेजवर) होत असेल तर हा आर अँड आर चालत नाही. तिथे ५० जॉब, ३ माणसं, ३ फेऱ्या आणि कॅपा (तपासणाऱ्यांचे निकाल योगायोगापेक्षा किती जुळतात तो आकडा). ५० पैकी बरेच जॉब काठावरचे हवेत. स्पष्ट चांगले आणि स्पष्ट वाईट जॉब कुणीही ओळखतं.

सीपीके १.६७ आहे, मग दोष येतो कुठून?

पीपीएपीच्या (उत्पादनाआधी ग्राहकाकडून घ्यायच्या मंजुरीच्या) फाइलमधला सीपीके बहुधा नवा इन्सर्ट (कापणारं बदलायचं टोक) लावून, सेटर शेजारी उभा असताना काढलेल्या सलग ३०-५० जॉबचा असतो. समजा सबग्रुप (एका वेळी घेतलेले सलग जॉब) ५ चे, सरासरी रेंज (गटातलं सगळ्यात मोठं वजा सगळ्यात लहान माप) ४.६५ मायक्रॉन. डी-टू या ठरलेल्या गुणकाने, म्हणजे २.३२६ ने भागलं की सिग्मा २. सरासरी २५.०१० असेल तर सीपीके १० (जवळच्या मर्यादेपर्यंतचं अंतर) भागिले ६ (तीन सिग्मा), म्हणजे १.६७. ग्राहक खूश. आता महिनाभराची रीडिंग एकत्र करून सरळ स्टँडर्ड डेव्हिएशन काढा. ते ४ आणि सरासरी २५.००८ आली तर पीपीके ८ भागिले १२, म्हणजे ०.६७. खालच्या मर्यादेबाहेर साधारण २.३ टक्के जॉब.

दोन्ही आकडे खरे आहेत. सीपीके सांगतो की मशीन पाच मिनिटांत काय करू शकतं, पीपीके सांगतो की महिनाभरात काय झालं. दोघांमधली दरी हीच तुमची समस्या. ती मोठी असेल तर मशीनची ताकद शोधत बसू नका, नवीन मशीनचं कोटेशन तर मुळीच मागवू नका. काहीतरी वेळेबरोबर सरकतंय: इन्सर्टची झीज, सकाळचं थंड स्पिंडल, पाळी बदलणं, मटेरियलचा लॉट. दोन्ही आकडे जवळपास सारखेच आणि दोन्ही कमी असतील तर मात्र दोष मशीन-फिक्स्चरच्या मूळ क्षमतेत आहे, आणि चार्ट लावून तो जाणार नाही.

दरी दिसली की एक्स-बार आर चार्ट (सबग्रुपची सरासरी आणि रेंज दाखवणारा कंट्रोल चार्ट). ५ चे २५ सबग्रुप, १२५ रीडिंग. वरच्या उदाहरणात, ५ च्या सबग्रुपसाठी ठरलेले गुणक घेऊन, सरासरीच्या मर्यादा ०.५७७ गुणिले ४.६५, म्हणजे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना २.७ मायक्रॉन, रेंजची वरची मर्यादा २.११४ गुणिले ४.६५, म्हणजे ९.८. या मर्यादा ड्रॉइंगच्या टॉलरन्सवरून काढायच्या नाहीत. तसं केलेलं इतक्या ठिकाणी भिंतीवर लटकलेलं असतं की वेगळं सांगावंच लागतं.

चार्ट वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. बोअरिंगमध्ये इन्सर्ट झिजला की बोअर लहान होत जातं, इन्सर्ट बदलला की उडी मारून मोठं होतं. चार्टवर करवतीचे दात उमटतात. इथे साध्या मर्यादा लावल्या तर दर तासाला बिंदू बाहेर जातो आणि आठवड्याभरात चार्टकडे कुणी बघत नाही. झिजेचा उतार मोजा, मध्यरेषा तिरकी घ्या किंवा ठरावीक जॉबसंख्येला इन्सर्ट बदला. दुसरी फसगत याहून गोड आहे. सगळे बिंदू मध्यरेषेला चिकटून, शाळेतल्या मुलांसारखे रांगेत. साहेबांना दाखवायला छान! पण बहुतेक वेळा याचा अर्थ सबग्रुपमध्ये दोन स्पिंडलचे किंवा दोन फिक्स्चरचे जॉब मिसळलेत. त्यांच्यातला फरक रेंजमध्ये जातो, मर्यादा फुगतात आणि चार्ट आंधळा होतो. स्पिंडलनिहाय वेगळे चार्ट करा.

चार्ट नसताना ऑपरेटर काय करतो तेही बघून घ्या. रीडिंग ३ मायक्रॉन कमी आलं की तो ऑफसेट (मशीनमध्ये भरायची मापाची दुरुस्ती) ३ ने वाढवतो, पुढचं २ ने जास्त आलं की २ ने कमी करतो. मनापासून काम करणारा माणूसच हे करतो. प्रोसेस स्थिर असेल आणि प्रत्येक जॉबनंतर पूर्ण फरकाएवढी दुरुस्ती केली तर व्हेरिअन्स (सिग्माचा वर्ग) दुप्पट होतो, सिग्मा १.४१ पट, गुणवत्तेचे अभ्यासक डेमिंग नरसाळं आणि गोटी घेऊन हेच दाखवत. एका जॉबवरून ऑफसेट हलवायचा नाही, पाचच्या सरासरीवरून हलवायचा, आणि सरासरी चार्टच्या मर्यादेत असेल तर हातच लावायचा नाही. ही ओळ मशीनवर चिकटवा. शंभर सह्यांच्या प्रशिक्षणापेक्षा तिचा उपयोग जास्त.

फरक राहतो कुठे

गेज ठीक, चार्टवर काहीतरी दिसतंय, पण कारण कळत नाही. आता मल्टी-व्हेरी, हे आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित साधन. ग्राफपेपर आणि पेन्सिल पुरते. दर तासाला सलग ३ जॉब घ्या. प्रत्येक बोअर तोंडाशी, मध्ये आणि तळाशी मोजा, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. म्हणजे तासाला १८ रीडिंग. पाळीभर करा, इन्सर्ट बदलायची वेळ आणि जेवणाची सुट्टी त्यात आलीच पाहिजे. एका जॉबची रीडिंग एका उभ्या रेघेवर मांडा.

उभ्या रेघाच लांब असतील तर फरक जॉबच्या आतला: टेपर (निमुळतेपणा), ओव्हॅलिटी (लंबगोलपणा), पकड. रेघा आखूड पण शेजारशेजारच्या तीन रेघा वरखाली असतील तर फरक जॉब-जॉबमधला: लोकेटिंग फेसवर चिप अडकणं, फिनिशिंगला उरलेलं मटेरियल कमीजास्त असणं. तिन्ही सारख्या पण तासागणिक सगळा गठ्ठा सरकत असेल तर झीज किंवा तापमान. फिशबोनच्या तीसेक काट्यांमधले वीस-पंचवीस इथेच गळतात. उरलेल्यांसाठी मग जरूर बसा, फिशबोन काढा, ‘पाच का’ विचारा. आता त्या ‘का’ला उत्तर द्यायला तुमच्याकडे आकडे आहेत.

आतला फरक मोजताना मात्र एक खड्डा सांभाळा. पातळ भिंतीची बॉडी तीन जॉच्या चकमध्ये दाबून पकडली की ती किंचित तिकोनी होते. त्याच अवस्थेत बोअर गोल कापलं जातं आणि जॉ सुटले की बॉडी परत फिरते, बोअर तीन कानी होतं. दोन टोकांचा डायल बोअर गेज असा आकार ओळखू शकत नाही. कुठल्याही दिशेने फिरवा, व्यास जवळपास सारखाच दाखवतो. बेअरिंग मात्र अडतं. ‘आमच्या गेजवर ओके, तुमच्याकडे रिजेक्ट’ या भांडणाचं कारण कित्येकदा एवढंच असतं. तीन जेटचा एअर प्लग किंवा राउंडनेस टेस्टरवर एक जॉब टाकला की विषय मिटतो. उपाय: जॉबला जवळजवळ पूर्ण वेढा घालणारे सॉफ्ट जॉ, आणि फिनिश पाससाठी कमी प्रेशर. स्पिंडलच्या त्या वेगाला पकड पुरेल इतकंच कमी; जॉब उडाला तर बोअरची चिंता राहणार नाही.

प्रेशर, फीड आणि फिनिशिंगचं मटेरियल हे तिन्ही एकमेकांत गुंतलेत असा संशय असेल तर डीओई. तीन घटक, दोन पातळ्या, ८ जोड्या. प्रत्येक दोनदा केली तर १६ रन. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. सोयीसाठी कमी प्रेशरचे सगळे रन सकाळी आणि जास्तीचे दुपारी केले तर तुम्ही प्रेशरचा नाही, गरम झालेल्या कूलंटचा परिणाम मोजता. आणि प्रोसेस चार्टवर अस्थिर असताना डीओई करूच नका. ज्या घटकाचा त्या दिवशी योगायोग जुळला तो ‘सिग्निफिकंट’ ठरतो.

दोष सुट्या भागात नसून जोडणीत, म्हणजे पंपाचा आवाज, गळती, व्हायब्रेशन असा असेल तर मल्टी-व्हेरीऐवजी भाग-अदलाबदल करा. एक सगळ्यात चांगला पंप, एक सगळ्यात वाईट. आधी दोन्ही नुसते खोलून पुन्हा जोडा. एवढ्यानेच निकाल उलटसुलट झाला तर दोष जोडण्याच्या पद्धतीत आहे, भाग मोजत बसू नका. निकाल टिकला तर एकेक भाग बदला. ज्याच्याबरोबर दोष जातो तो भाग दोषी.

सगळ्या गेजमधून पास, सहा महिन्यांनी फेल

इथे अनेकजण सवयीने पुन्हा चार्ट आणि सीपीके काढतात. पण हा प्रश्न मापाचा राहिलेला नाही, काळाचा आहे. याला वायबुल लागतो, म्हणजे नग किती काळाने बिघडतात याचं विश्लेषण. डेटा साधा: प्रत्येक बिघडलेला नग किती तास किंवा किलोमीटर चालला, आणि जे अजून चालू आहेत ते आजवर किती चालले. दुसरा भाग जवळजवळ नेहमीच सुटतो. २०० नगांपैकी ५ बिघडले आणि फक्त त्या ५ चं आयुष्य मांडलं तर उरलेले १९५ जणू जन्मलेच नव्हते, आणि आयुष्य हास्यास्पद कमी निघतं.

टेस्टबेंचवर पाचच नग लावून पाचही बिघडवले असतील तर तास चढत्या क्रमाने लावा आणि क्रमांकातून ०.३ वजा करून ५.४ ने भागा: १३, ३१.५, ५०, ६८.५, ८७ टक्के. वायबुल कागदावर ते बिंदू टाका, रेघेचा चढ म्हणजे बीटा. बीटा १ पेक्षा कमी असेल तर नग लहानपणीच मरतायत: जोडणी, कचरा, टॉर्क, लाइनवरचा दोष. १ च्या आसपास असेल तर बिघाड वयावर अवलंबून नाही, ओव्हरलोडसारखं बाहेरचं कारण शोधा. ठरावीक काळाने भाग बदलून काही साधत नाही. १ च्या बराच वर, ३ किंवा ४, म्हणजे झीज किंवा फटीग. डिझाइन, मटेरियल किंवा बदलीचा काळ बघा. बिंदूंची रेघ मध्येच वाकत असेल तर बहुधा दोन वेगळे बिघाड एकत्र मिसळलेत. सील गळणं आणि बेअरिंग जॅम होणं ‘पंप फेल’ या एका कोडखाली भरणारा वॉरंटीचा तक्ता हे हमखास करतो.

एमटीबीएफवर (दोन बिघाडांमधल्या सरासरी काळावर) विसंबू नका. १० नग प्रत्येकी १००० तास चालले, एक बिघडला (तो लगेच बदलला), तर एमटीबीएफ १०,००० तास. याचा अर्थ नग १०,००० तास टिकेल असा मुळीच नाही. बिघाडाचा दर कायम धरला तरी त्या वेळेपर्यंत ६३ टक्के नग गेलेले असतात. तसंच ‘तीन नग एंड्युरन्स पास’. शून्य बिघाडासह तीन नग पास झाले तर ९० टक्के विश्वासाने फक्त ४६ टक्के विश्वसनीयता सिद्ध होते. ९० टक्के विश्वासाने ९० टक्के हवी तर २२ नग, ९५ हवी तर ४५. एवढी टेस्टबेंच परवडत नाही हे खरं, म्हणूनच नग बिघडेपर्यंत चालवावेत. पाच बिघाडांतून जे कळतं ते तीन ‘पास’मधून कधीच कळत नाही. हाल्ट नावाची, ताण वाढवत नेणारी चाचणी इलेक्ट्रॉनिक्समध्ये कच्चा दुवा पटकन उघडा पाडते, पण तिच्यातून आयुष्याचा आकडा काढू नका.

एट-डीवर सही करण्याआधी

एफएमईएमधला (संभाव्य बिघाड आणि त्यांच्या परिणामांच्या तक्त्यातला) गुणाकार एकदा डोळ्यांखालून घाला. सिव्हिअरिटी (गांभीर्य) ९, ऑकरन्स (वारंवारता) २, डिटेक्शन (पकडण्याची अडचण) ५: गुणाकार, म्हणजे आरपीएन, ९०, मर्यादा १०० ची म्हणून सोडून दिलं. ५, ५, ४: आरपीएन १००, म्हणून समिती बसली. जीवावर बेतणारा बिघाड सुटला आणि किरकोळ पकडला. २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए (व्हीडीए ही जर्मन वाहनउद्योगाची संस्था) पुस्तिकेने आरपीएनऐवजी ॲक्शन प्रायॉरिटी (कृतीचा अग्रक्रम) आणली. जुन्या फॉर्मवर नुसतं नवीन शीर्षक छापून ती येत नाही.

कारण सापडलं हे सिद्ध करायला दोष बोलावून आणावा लागतो. जुन्या पद्धतीने ३ लॉट, नव्या पद्धतीने ३ लॉट, क्रम चिठ्ठ्या टाकून. नव्या तिन्ही लॉटचा निकाल जुन्या तिन्हींपेक्षा चांगला आला तर असं निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता २० मध्ये १. एकदाच बदल करून ‘आता येत नाही’ म्हणणं पुरत नाही. तोवर इन्सर्ट बदललेला असतो, नाहीतर पाऊस पडून शेड गार झालेली असते.

डी-६ मध्ये (एट-डीच्या सहाव्या, कायमचा उपाय लावून पडताळायच्या पायरीत) ‘पुढील ५०० नग तपासले, दोष शून्य’ असं लिहायची प्रथा आहे. निसटून ग्राहकाकडे पोचणारा दोष हजारी एक असेल तर काहीही न सुधारता ५०० नग शून्य दोषाचे निघण्याची शक्यता ६१ टक्के असते. ९५ टक्के खात्री हवी तर सुमारे ३००० नग लागतात. सर्वसाधारणपणे ३ ला जुन्या दोष-प्रमाणाने भागायचं. तो आकडा डी-६ समोर आधीच लिहून ठेवा, तो भरेपर्यंत डी-३ चं (तात्पुरत्या बंदोबस्ताच्या तिसऱ्या पायरीचं) सॉर्टिंग उठवू नका, आणि सॉर्टिंगला ३४ टक्क्यांचा जुना गेज देऊ नका.